हद्दपारीला स्थगिती मिळाल्यानंतर

अपील दाखल झाले आणि हद्दपारीच्या आदेशाला स्थगिती मिळाली, असे कळले की घरातल्या माणसांना संकट टळल्यासारखे वाटते. बांधून ठेवलेले सामान पुन्हा उघडले जाते, नातेवाइकांना फोन जातात, आणि कित्येक दिवस डोळ्याला डोळा न लागलेला माणूस त्या रात्री शांत झोपतो. इमिग्रेशनच्या प्रकरणांत दुभाषी म्हणून काम करताना हा आनंद मी अनेकदा जवळून पाहिला आहे आणि त्यावर विरजण घालण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु पुढच्या काही आठवड्यांत हीच माणसे जे प्रश्न विचारू लागतात, त्यांवरून एक गोष्ट सतत जाणवते. स्थगितीमुळे आपल्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. वकिलाला पुढच्या अशिलाकडे वळायचे असते, न्यायालयाचा आदेश दोन-चार ओळींचा असतो, आणि त्या ओळींमागे उभे असलेले कायदे वाचण्याची ताकद भेदरलेल्या माणसात नसते. मी वकील नाही आणि पुढे लिहिले आहे तो कोणाच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे. पण हा विषय मी वर्षानुवर्षे ऐकत आणि वाचत आले आहे, आणि तो साध्या मराठीत कोठे तरी लिहिलेला असावा असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी समजून घ्यायचे ते हे की स्थगितीने हद्दपारीचा आदेश रद्द होत नाही. तो सहीशिक्क्यानिशी फाइलमध्ये तसाच असतो. केवळ त्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार काही काळापुरता थांबलेला असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘नकेन विरुद्ध होल्डर’ या प्रकरणात हा मुद्दा फार स्पष्टपणे मांडला. मनाई हुकूम एखाद्या व्यक्तीला अमुक करू नकोस असे बजावतो, तर स्थगिती मूळ आदेशावरच काम करते आणि ज्या अधिकाराच्या जोरावर सरकार पाऊल उचलणार होते तो अधिकारच तात्पुरता काढून घेते, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. हा भेद वरवर तांत्रिक वाटेल, परंतु त्याचे दोन्ही परिणाम अशिलाला भोगावे लागतात. स्थगिती आहे तोवर कोणत्याही अधिकाऱ्याला त्याला विमानात बसवता येत नाही, हा त्यातला दिलासा. आणि अपील फेटाळले गेले तर सामान्यतः नवा आदेश काढावा लागत नाही, जुनाच पुन्हा जिवंत होतो, हे त्यातले भय.

स्थगिती मिळते कशी, यावरच पुढचे बरेच काही अवलंबून असते. काही अपिलांत ती कायद्यानेच आपोआप लागू होते, म्हणजे मुदतीत अपील दाखल करणे एवढेच पुरेसे असते. ब्रिटनच्या २००२ च्या राष्ट्रीयत्व, इमिग्रेशन आणि आश्रयविषयक कायद्याचे कलम ७८ तसे आहे: देशात राहून दाखल करता येण्याजोगे अपील प्रलंबित असेपर्यंत त्या व्यक्तीला देशाबाहेर काढता येत नाही. मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे की या काळात हद्दपारीचा आदेश काढणे, प्रवासाविषयीचे निर्देश देणे किंवा अन्य पूर्वतयारी करणे यांना सरकारला आडकाठी नाही. त्यामुळे अपील चालू असताना प्रवासाच्या कागदपत्रांसाठी मुलाखतीला बोलावणारे पत्र घरी आले, तर स्थगिती मोडली गेली असा त्याचा अर्थ होत नाही. असे पत्र हातात घेऊन रडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला पुष्कळ वेळ लागतो, आणि त्याचे रडणे मला तरीही अकारण वाटत नाही.

अन्यत्र स्थगिती मागावी लागते. अमेरिकेत तर एकाच प्रकरणात दोन्ही व्यवस्था एकामागून एक भेटतात. इमिग्रेशन न्यायाधीशाच्या निकालावर इमिग्रेशन अपील मंडळाकडे थेट अपील केले, तर ते प्रलंबित असताना आदेशाची अंमलबजावणी साधारणतः आपोआप थांबलेली असते. मंडळाने अपील फेटाळले की पुढची पायरी म्हणजे फेडरल अपील न्यायालय. तेथे ३० दिवसांत याचिका दाखल करता येते, पण केवळ ती दाखल झाल्याने काहीही थांबत नाही. पूर्वी तसे नव्हते. १९९६ च्या कायद्याने ही आपोआप मिळणारी स्थगिती काढून टाकली आणि त्याच वेळी, देश सोडल्यावर याचिका चालवताच येणार नाही ही जुनी अडचणही दूर केली. संसदेचा विचार असा होता की माणूस बाहेर गेला तरी त्याची केस चालू राहू शकेल. कागदावर हा तोल बरोबर दिसतो. प्रत्यक्षात मात्र पहिल्या पायरीवर निर्धास्त राहिलेले कुटुंब दुसऱ्या पायरीवरही तसेच निर्धास्त राहते, कारण आधी न मागता जे मिळाले होते ते आता मागावे लागणार आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

मागितलेली स्थगिती द्यायची की नाही, हे न्यायालय काही ठरावीक कसोट्यांवर तपासते. कॅनडात फेडरल अपील न्यायालयाच्या १९८८ च्या ‘टॉथ’ निकालापासून तीन प्रश्न विचारले जातात: विचारात घेण्याजोगा गंभीर मुद्दा आहे का, स्थगिती न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का, आणि दोन्ही बाजूंच्या सोयी-गैरसोयींचे पारडे कोणाकडे झुकते. अमेरिकेतल्या कसोट्या चार आहेत, पण गाभा तोच. त्यातही यश मिळण्याची शक्यता आणि भरून न येणारे नुकसान या दोन सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. खरी अडचण ‘भरून न येणारे नुकसान’ या कसोटीपाशी येते. नोकरी जाणे, घर विकावे लागणे, मुलांची शाळा तुटणे, पतिपत्नींची ताटातूट होणे ही हद्दपारीची नेहमीचीच फळे आहेत, आणि जे प्रत्येक हद्दपारीत घडते ते या कसोटीला पुरेसे नाही, असे न्यायालये वारंवार म्हणत आली आहेत. म्हणजे जे दुःख सर्वांच्या वाट्याला येते, ते सर्वांच्या वाट्याला येते म्हणूनच हिशेबात धरले जात नाही. न्यायालयाची अडचण मला कळते. प्रत्येक ताटातुटीवर स्थगिती द्यायची ठरवली तर कसोटीला अर्थ उरणार नाही. तरीसुद्धा मुलांविषयीचे उत्तर दुसऱ्या भाषेत सांगताना माझा आवाज स्थिर राहत नाही.

नकेन प्रकरणाला एक पुढची कथा आहे आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. देशाबाहेर काढले जाणे हे गंभीर असले तरी ते स्वतःहून भरून न येणारे नुकसान ठरत नाही, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. त्यामागचे कारण असे की बाहेर गेलेली व्यक्तीही याचिका चालवू शकते आणि जिंकल्यास तिला परत येण्यास मदत केली जाते. हे दुसरे विधान सरकारच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितले होते: जिंकलेल्यांना परत येता यावे आणि त्यांचा पूर्वीचा दर्जा त्यांना मिळावा, असे आपले धोरण आणि प्रघात आहे. पुढे माहिती अधिकाराच्या एका दाव्यातून सरकारची अंतर्गत पत्रे बाहेर आली, आणि एप्रिल २०१२ मध्ये सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयाला सर्वोच्च न्यायालयाकडे पत्र पाठवून कबूल करावे लागले की न्यायालयापुढे केलेले ते विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे; परत आणण्याची ठाम आणि सुसूत्र व्यवस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. निकालाला तोपर्यंत तीन वर्षे होऊन गेली होती. त्या तीन वर्षांत किती स्थगितीअर्ज याच विधानाच्या आधारे नाकारले गेले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. नंतर सरकारने परतीसाठी कार्यपद्धती घालून दिली हे खरे, परंतु तिकीट, व्हिसा, प्रवासाची कागदपत्रे आणि दूर देशातून वकिलाशी संपर्क ठेवण्याचा खर्च ज्याच्या आवाक्यात आहे, त्यालाच अशा कार्यपद्धतीचा उपयोग होतो.

युरोपातील मानवाधिकार न्यायालयाने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. त्याचा प्रश्न असा होता: ज्या अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच माणूस बाहेर पाठवला जाऊ शकतो, त्याला परिणामकारक दाद म्हणता येईल का? छळाचा किंवा अमानुष वागणुकीचा धोका आहे असे सकृद्दर्शनी दिसत असेल, तर अपिलाने हद्दपारी आपोआप थांबलीच पाहिजे, असे त्या न्यायालयाने २००७ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या एका प्रकरणात सांगितले आणि पुढे अनेक निकालांत ते दृढ केले. त्या आधी, २००२ मध्ये, बेल्जियमविरुद्धच्या एका निकालात त्याने नोंदवले होते की अर्ज विचाराधीन असताना अधिकारी थांबतीलही, पण ते थांबतीलच अशी हमी कायद्यात नसेल तर तेवढ्यावर भागत नाही. अधिकाऱ्यांच्या सौजन्यावर अवलंबून असलेला हक्क हा हक्क नव्हे, ही भूमिका मला पूर्णपणे पटते.

कुटुंबाच्या हक्काबाबत मात्र तेच न्यायालय इतके पुढे गेले नाही. फ्रेंच गयाना या दक्षिण अमेरिकेतील फ्रान्सच्या प्रदेशातून बाहेर काढलेल्या एका ब्राझिलियन तरुणाचे प्रकरण २०१२ मध्ये त्याच्या मोठ्या पीठापुढे आले. तो लहानपणापासून तेथेच वाढला होता. जानेवारी २००७ मध्ये त्याच्या वतीने दुपारी तीननंतर न्यायालयात अर्ज दाखल झाला आणि तासाभराच्या आत, चार वाजता, त्याला देशाबाहेर नेण्यात आले. ज्या आदेशाच्या आधारे हे घडले तो आदेश तेथील न्यायालयाने काही महिन्यांनी बेकायदा ठरवला. मोठ्या पीठाने फ्रान्सला दोषी धरले, कारण इतक्या घाईत केलेल्या कारवाईमुळे दाद मागण्याचा हक्क नावापुरताच उरला होता. मात्र केवळ कौटुंबिक जीवनाचा प्रश्न असलेल्या प्रत्येक अपिलात स्थगिती आपोआप मिळालीच पाहिजे, असे त्याने म्हटले नाही. या निकालाचे पहिले अंग मला धीर देते आणि दुसरे खटकते. ज्या तासाभरात अर्ज न्यायाधीशाच्या टेबलावर पोहोचत असतो, त्याच तासाभरात विमानाकडे गाडी निघू शकत असेल, तर तो अर्ज कोणत्या हक्कासाठी आहे याने फार फरक पडत नाही.

शेवटच्या क्षणी येणाऱ्या स्थगितीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे १४ जून २०२२ ची ब्रिटनमधील रात्र. आश्रयार्थींना रवांडाला नेणारे पहिले विमान लष्करी धावपट्टीवर उभे होते. ब्रिटिश न्यायालयांनी उड्डाण थांबवण्यास नकार दिला होता. मग मानवाधिकार न्यायालयाने आपल्या नियम ३९ खाली एका प्रवाशापुरता अंतरिम आदेश दिला, त्यानंतर उरलेल्यांच्या बाबतीतही उड्डाण अशक्य झाले, आणि विमान रिकामेच राहिले. तो आदेशही कायमचा नव्हता. ब्रिटनमधील न्यायालयीन प्रक्रियेचा अंतिम निकाल लागल्यानंतर तीन आठवडे संपेपर्यंतच तो लागू राहणार होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याचे ते धोरणच बेकायदा ठरवले. त्या रात्रीच्या स्थगितीवर तेव्हा अतिशय कठोर टीका झाली होती. ती स्थगिती मिळाली नसती तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ही माणसे सतरा महिने दुसऱ्याच खंडात काढत असती, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

आता स्थगिती मिळालेल्या माणसाच्या रोजच्या जगण्याकडे येते. पहिला प्रश्न कोठडीचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना धक्का देणारे असते: स्थगिती म्हणजे सुटका नव्हे. हद्दपारी थांबवणारा आदेश आणि स्थानबद्धतेतून मुक्त करणारा आदेश हे दोन वेगळे आदेश आहेत, त्यांसाठी बहुधा वेगळे अर्ज करावे लागतात आणि अनेकदा वेगळे न्यायाधीश ते ऐकतात. अमेरिकेतील तरतूद तर अशी आहे की न्यायालयाने हद्दपारीला स्थगिती दिली असल्यास, आदेश अमलात आणण्यासाठी सरकारला दिलेला ९० दिवसांचा काळ न्यायालयाच्या अंतिम निकालापासून मोजला जातो. म्हणजे कोठडीतला माणूस जितका नेटाने लढतो, तितका तो आत अधिक काळ राहण्याची शक्यता असते. जिंकता येईल असे अपील केवळ बाहेरची हवा मिळावी म्हणून मागे घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तशी संमती देणारे वाक्य त्यांच्या वतीने इंग्रजीत उच्चारणे हे माझ्या कामातले सर्वांत जड काम आहे.

युरोपीय संघात याबाबतीत बरीच स्पष्टता आली ती लक्झेंबर्गमधील युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या १९ जून २०१८ च्या ‘ग्नांदी’ (Gnandi) निकालाने. आश्रयाचा अर्ज फेटाळताच परत जाण्याचा आदेश काढायला हरकत नाही, पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या आदेशाचे सर्वच कायदेशीर परिणाम थांबले पाहिजेत, असे त्या न्यायालयाने ठरवले. स्वेच्छेने देश सोडण्यासाठी दिलेली मुदत त्या काळात मोजायची नाही, हद्दपारीच्या कारणासाठी कोठडीत ठेवायचे नाही, निवारा आणि मदत चालू ठेवायची, आणि आदेशानंतर परिस्थिती बदलली असेल तर ती मांडण्याची संधी द्यायची. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने गंभीर आजारी व्यक्तीच्या प्रकरणात सांगितले होते की स्थगिती असताना तातडीचे आणि आवश्यक उपचार तिला खरोखर घेता यावेत यासाठी, शक्य तितक्या प्रमाणात, तिच्या मूलभूत गरजा भागवण्याची जबाबदारी राज्याची आहे. माणसाला देशात ठेवायचे पण जगू द्यायचे नाही अशी स्थगिती कोणाच्याच उपयोगाची नसते, हे या निकालांनी मान्य केले, आणि म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात.

इतरत्र स्थिती तितकी सुटसुटीत नाही. काम करता येईल का, हे स्थगितीवरून ठरत नाही; ते त्या व्यक्तीचा आधीचा दर्जा काय होता, अपील कोणत्या प्रकारचे आहे आणि परवान्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो का, यांवरून ठरते. ब्रिटनमध्ये अनेकांना इमिग्रेशन जामिनावर ठेवले जाते: ठरलेल्या पत्त्यावर राहायचे, नेमून दिलेल्या दिवशी हजेरी लावायची, आणि अनेक प्रकरणांत काम करण्यास मनाई. हजेरीच्या दिवशी माणसे किती घाबरलेली असतात हे सांगून समजणार नाही, कारण हद्दपारीची कारवाई पुष्कळदा हजेरीच्या ठिकाणापासूनच सुरू होते हे प्रत्येकाला ठाऊक असते. स्थगितीच्या आदेशाची प्रत आणि वकिलाचा क्रमांक अशा दिवशी जवळ असावा, आणि आपण कोठे जात आहोत व किती वाजेपर्यंत परत येणार आहोत हे घरच्यांना माहीत असावे.

दोन गोष्टी तर इतक्या मोठ्या किमतीच्या आहेत की त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. त्यांतली पहिली म्हणजे अपील चालू असताना देश सोडू नये. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे देशात राहून केलेले अपील अपीलकर्ता बाहेर जाताच सोडून दिल्याचे मानले जाते. अमेरिकेत अपील मंडळापुढील अपिलाच्या बाबतीत देश सोडणे म्हणजे अपील मागे घेणे होय. मायदेशी आईवडिलांपैकी कोणी शेवटच्या घटका मोजत असताना हा नियम किती क्रूर होतो, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी भावंडे फोनवर ‘दोन दिवस येऊन जा’ म्हणतात तेव्हा ती काय मागत आहेत याची त्यांना कल्पना नसते. दुसरी गोष्ट पत्त्याची. घर बदलले आणि कळवायचे राहून गेले, सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तारखेला कोणी हजर राहिले नाही, आणि चांगले अपील गैरहजेरीत संपले, असे घडते. ही चूक टाळायला एक पत्र पुरेसे असते.

कॅनडात स्थगितीचा आणखी एक प्रकार आहे, जो वाट पाहण्याच्या काळापुरता नसून अपिलाचा निकालच असतो. कायम रहिवासी असलेल्या व्यक्तीवर गुन्ह्यामुळे हद्दपारीचा आदेश निघाला आणि अपील करण्याचा हक्क शिल्लक असला, तर इमिग्रेशन अपील विभाग अपील मान्य करणे आणि फेटाळणे यांच्यामधला मार्ग निवडू शकतो: काही काळासाठी अटींवर आदेश थांबवणे. मुलांचे हित आणि माणुसकीच्या बाबी पाहून हा निर्णय होतो. त्या काळात पत्ता बदलल्यास लेखी कळवावे लागते, पासपोर्टची प्रत द्यावी लागते आणि पासपोर्टची मुदत सांभाळावी लागते, कोणताही गुन्हा करायचा नसतो आणि आरोप ठेवला गेला तरी तो कळवावा लागतो. मुदतीअखेर विभाग पुन्हा विचार करतो. पण त्या दरम्यान कायद्यात नमूद केलेल्या गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास स्थगिती आपोआप रद्द होते आणि अपीलही संपते. दया दाखवायची की नाही हे ठरवायला तेव्हा कोणी उरत नाही. मला ही व्यवस्था एकंदरीत सुज्ञ वाटते, कारण ती माणसाला स्वतःच्या वागण्याने उत्तर देण्याची संधी देते. खंत एवढीच की २०१३ मध्ये कायदा बदलला आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्यांना हे अपीलच करता येईनासे झाले. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती.

स्थगितीला सरकारांचा जो आक्षेप असतो, त्याकडे दुर्लक्ष करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अपिलांचा वापर काही जण केवळ वेळ काढण्यासाठी करतात आणि वर्षे उलटत गेली की तेथे रुजलेले आयुष्य हाच नवा युक्तिवाद होतो, असे ते म्हणतात. असे घडते. परंतु त्या वर्षांना अपीलकर्त्याइतकीच सुनावणीच्या तारखांची टंचाईही जबाबदार असते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे लवकर सुनावणी घेणे. ब्रिटनने निवडलेला उपाय दुसरा होता. २०१४ च्या कायद्याने गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या परकीयांबाबत आधी हद्दपारी आणि मग अपील अशी व्यवस्था आणली. जून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या दोन अपीलकर्त्यांचे प्रकरण ऐकले, त्यांच्या बाबतीत ती बेकायदा ठरवली, आणि दिलेली कारणे अगदी व्यवहारातली होती: दूर देशातून वकील मिळवणे, त्याला सूचना देणे, तज्ज्ञांचे पुरावे जमवणे, आणि व्हिडिओवरून साक्ष देण्याची व्यवस्था स्वतःच्या खर्चाने करणे, हे इतके कठीण होते की ते अपील परिणामकारक राहत नव्हते. त्यानंतर व्हिडिओ साक्षीची सोय करून ही योजना पुन्हा सुरू करण्यात आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यातील देशांची संख्या ८ वरून २३ वर नेण्याची घोषणा झाली. त्या यादीत भारतही आहे.

दृक्श्राव्य साक्षीने प्रश्न सुटला असे ज्यांना वाटते, त्यांना मी माझ्या कामातला अनुभव सांगेन. पडद्यापलीकडचा माणूस पत्नीकडे बघू शकत नाही, वकिलाच्या कानात काही विचारू शकत नाही, आवाज तुटला की तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि दुसऱ्या वेळी उत्तर थोडे बदलले की उलटतपासणीत त्याची विसंगती होते. आपण आपल्या मुलांच्या आयुष्यात किती आहोत हे सिद्ध करायचे असते, आणि आपल्याला आधीच त्या आयुष्यातून बाहेर काढलेले असते. मुलांना बापाशिवाय राहण्याची सवय झाली आहे, हा मुद्दा मग सरकारपक्ष मांडू शकतो, आणि ती सवय ज्या कृतीमुळे लागली ती कृतीच अपिलात तपासली जात असते. म्हणूनच ज्या अपिलात कुटुंबाचा किंवा जिवाचा प्रश्न आहे, तेथे निकालापर्यंतची स्थगिती कायद्यानेच मिळाली पाहिजे आणि ती मध्यरात्रीच्या अर्जावर, न्यायालयात त्या दिवशी कोण बसले आहे यावर किंवा वकिलाचे शुल्क देण्याच्या ऐपतीवर ठरू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्थगितीचा काळ नुसता वाट पाहण्यात घालवू नये, हेही आवर्जून सांगते. नवा वैद्यकीय अहवाल, मुलाच्या शाळेचे पत्र, मायदेशातील बिघडलेल्या परिस्थितीची खात्रीलायक माहिती, नियमित हजेरीच्या नोंदी, शिक्षा झालेली असल्यास सुधारणेचा पुरावा, हे सर्व तारखेनुसार एका फाइलमध्ये जमत राहिले पाहिजे. कोणत्या टप्प्यावर नवा पुरावा स्वीकारला जातो हे प्रत्येक न्यायालयाचे वेगळे असते, म्हणून कागद मिळताच तो वकिलाकडे द्यावा आणि निवड त्याच्यावर सोडावी. भाषांतर आधीच करून घ्यावे. सुनावणीच्या आदल्या दिवशी आलेले कागद घाईत भाषांतरित होतात आणि तारखा, नावे यांतल्या लहान चुका पुढे मोठ्या होतात.

अपील मान्य झाले तर हद्दपारीचा आदेश जातो किंवा प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवले जाते, आणि या दुसऱ्या शक्यतेत लढाई पुन्हा चालू होते. अपील फेटाळले गेले तर धोका सर्वांत मोठा असतो तो निकाल आणि पुढच्या अपिलाच्या मधल्या दिवसांत. एका न्यायालयात लागू असलेली स्थगिती पुढच्या न्यायालयात आपसूक चालू राहील असे गृहीत धरू नये, कारण अनेक ठिकाणी ती निकालाबरोबरच संपते आणि वरच्या न्यायालयाकडे नव्याने मागावी लागते. म्हणून निकाल राखून ठेवला आहे असे कळताच वकिलाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: निकाल आपल्याला कोणत्या मार्गाने आणि किती वेळात कळेल, पुढच्या अपिलाची मुदत कोणत्या दिवशी संपते, आणि त्या अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागेल का. लागणार असेल, तर त्या अर्जाचा मसुदा आणि त्यासोबतची प्रतिज्ञापत्रे निकाल येण्याआधीच तयार असली पाहिजेत.